व्ह्यूफाइंडरमधून सगळं छानच दिसतं

निकॉनची जुनी ५५ मिमी एफ/२.८ मायक्रो लेन्स (फुलं-किडे अगदी जवळून टिपायची) सेकंडहँड घेणार असाल तर आधी हे वाचा. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, पण त्याची पद्धत सांगतो. ती त्याच्या एकट्याची नसावी.

जाहिरातीत ‘मिंट कंडिशन, १:१ मॅक्रो’ होतं. मुळात ही लेन्स एकटी १:२ पर्यंतच जाते, म्हणजे सेंटिमीटरभर फूल फिल्मवर अर्धा सेंटिमीटर. १:१ साठी, म्हणजे फूल फिल्मवर आहे तेवढंच यायला, लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसणारी २७.५ मिमीची पीके-१३ रिंग लागते, तिचे पैसे त्यानं वेगळे लावले. तेही चालवून घेतलं असतं. खरी गोम अ‍ॅपर्चरमध्ये, म्हणजे पात्यांनी लहानमोठं होणाऱ्या लेन्समधल्या भोकात होती.

या लेन्सच्या फोकसिंगमधल्या ग्रीसचं तेल सुटून पात्यांवर येतं आणि पाती चिकटतात. एसएलआरमधून, म्हणजे आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातून, बघताना मात्र अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असतं. पाती मिटतात ती शटर दाबल्यावर, तेव्हा आरसा वर गेलेला असतो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये काहीच दिसत नाही. त्यामुळे व्ह्यूफाइंडरमधून काढलेला त्याचा व्हिडिओ झकास. नमुन्याचे फोटो डिजिटल बॉडीवर काढलेले, सगळे एफ/२.८ ला, म्हणजे भोक पूर्ण उघडं ठेवून. आणि चेकिंग वॉरंटी ७ दिवस! तेवढ्यात रोल संपून, धुऊन हातात येतो कुणाचा?

कासच्या पठारावर सीतेची आसवं ही इवली फुलं एफ/१६ ला, म्हणजे भोक बारीक करून, फ्लॅश लावून टिपली. लॅबवाल्यानं निगेटिव्ह लाइट बॉक्सवर ठेवल्या तर फ्रेम काळ्याकुट्ट, म्हणजे उजेड फार जास्त पडलेला. पाकळीची एक कड तेवढी शार्प, बाकी धुकं. एफ/१६ असं दिसत नाही, त्यात बरंच काही शार्प येतं; पाती वेळेत मिटलीच नव्हती.

फोन केला तर आधी ‘फिल्म जुनी असेल’, मग ‘तुमचं मीटरिंग चुकलं’, मग फोन उचलणंच बंद. पुढे कळलं, कोल्हापूरच्या एकानं हीच लेन्स याच तक्रारीवरून त्याला परत केली होती. सीरियल नंबर तोच. दुरुस्त न करता ती माझ्या गळ्यात मारली.

लेन्स एफ/१६ ला लावून मागची लिव्हर बोटानं सरकवा आणि सोडा. पाती खटकन मिटली पाहिजेत. सावकाश मिटली तर घेऊ नका. टॉर्च मारून पात्यांवर तेलाची चमक बघा, बुरशीही त्याच उजेडात दिसेल. मग कॅमेऱ्यात रोल न घालता मागचं झाकण उघडा, शटर १ सेकंदावर ठेवून दाबा आणि मागून बघा. भोक पहिल्यापासून बारीक दिसायला हवं. कुरिअरनं मागवत असाल तर याच चाचणीचा व्हिडिओ मागा.

माझी लेन्स दुरुस्तीला दिलीय, साडेतीन हजार सांगितलेत. रिंग मात्र उत्तम निघाली.