सहा टायर, ८७,३६० रुपये आणि एक अर्धवट फोटो

८७,३६० रुपये. त्यातले ८२,५०० टायरचे आणि ४,८६० ट्रान्सपोर्टचे, तेही माल खाली उतरवायच्या आधी रोख मोजून घेतलेले. पुढे चेन आणि बेअरिंगचे ११,३०० गेले ते वेगळे. आकडे आधीच सांगून टाकतो, कारण "किती गेले रे?" हे सगळे विचारतात आणि दरवेळी तोंड कडू होतं.

माझ्याकडे सहा चाकांची, चिखलातून थेट पाण्यात उतरणारी गाडी आहे. जुनीच घेतलेली. तिला २५×१२-९ मापाचे टायर लागतात, म्हणजे उंची २५ इंच, रुंदी १२ इंच आणि रिम ९ इंची. असला टायर कुठल्याही दुकानात टांगलेला नसतो, आणि जुना माल नवा म्हणून विकणारी मंडळी नेमकी अशाच ठिकाणी टपून बसतात. माल दुर्मीळ, गिऱ्हाईक अडलेलं. बाकी पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच: आगाऊ रक्कम, आजच घेतलेत तर सूट, "आणखी दोघांनी विचारलंय", बिल मागाहून. मलाही ठाऊक होती. ठाऊक असून काय उपयोग झाला ते खाली वाचा.

मी अडाणी म्हणून फसलो असं कुणी समजू नये. फोनवरचा विक्रेता जाणकार होता म्हणून फसलो. मी म्हटलं, साधे एटीव्हीचे, म्हणजे खडबडीत रस्त्यावरच्या चार चाकी गाडीचे, टायर गळ्यात मारू नका. तो म्हणाला, "दादा, कळतं मला. तुमच्या गाडीला पंखा नाही, ती पाण्यात टायरवरच चालते. नक्षीचे दात उंच पाहिजेत, वल्ह्यासारखं पाणी मागे ढकलायला. आणि जाड प्लायचा, म्हणजे जास्त थरांचा, कडक टायर घेऊच नका, दोन-तीन पीएसआय एवढ्या कमी दाबाच्या हवेत तो चपटा होत नाही, चिखलात नुसता रुततो." शब्द न् शब्द बरोबर! चार दुकानदारांनी मला ट्रॅक्टरचा पुढचा टायर दाखवला होता, त्यानंतर हे ऐकलं आणि मी विरघळलो. माल ओळखणारा माणूस तोच माल जास्त सफाईने लपवू शकतो, हे तेव्हा सुचलं नाही.

भाव ठरला एकाला १४,५०० प्रमाणे ८७,०००, सूट धरून ८२,५००. व्हिडिओ कॉलवर त्याने टायर दाखवला. कोरा करकरीत, अंगावर रबराचे बारीक केस तसेच. एक टायर दाखवला. मी सहा पाहिल्यासारखा खूश.

आता ती गोष्ट, जी आठवून अजून रात्री जाग येते. टायर किती जुना हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३११ म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. हे मी स्वतः लोकांना शिकवतो. मी फोटो मागितला आणि त्याने पाठवलाही. माप स्वच्छ, डीओटी स्वच्छ, पुढची काही अक्षरं स्वच्छ, आणि ओळ तिथेच संपलेली. मी विचारलं, तारीख कुठाय? उत्तर आलं, "दादा, तारीख एकाच बाजूला असते. टायर एकावर एक रचलेत, खालची बाजू दाखवायला आत्ता पोरगं नाही इथे."

तारीख पुष्कळदा एकाच बाजूला असते हे खरं आहे. म्हणून तर घास गिळला गेला. खोटं बोलला असता तर पकडला असता, त्याने खरं सांगून फसवलं. एक टायर उलटा करायला किती वेळ लागतो? अर्धा मिनिट. ८२,५०० च्या धंद्यासाठी जो अर्धा मिनिट खर्च करत नाही, त्याला काय लपवायचंय हे शेंबड्या पोरालाही कळेल. मला कळलं नाही. किंवा कळलं होतं, पण टायर मिळाल्याचा आनंद मोडायचा नव्हता. तो फोटो अजून फोनमध्ये आहे. निळ्या ताडपत्रीवर ठेवलेला टायर, आणि कोपऱ्यात त्याच्या चपलेचा अंगठा.

२०,००० यूपीआयने पाठवले तेव्हा स्क्रीनवर दुकानाच्या जागी कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं. "भाचा आहे," म्हणाला. डॉकेटचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आल्यावर उरलेले ६२,५०० त्याच भाच्याच्या खात्यात. खात्याचं नाव आणि बिलावरचं नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा. माझ्याकडे तर बिलच नव्हतं, नुसतं कोटेशन होतं.

माल आला तेव्हा अंधार पडत होता आणि टेम्पोवाला "सही करा साहेब" म्हणून हॉर्न वाजवत होता. टायर आरशासारखे चमकत होते. हात लावला तर तळवा काळा आणि तेलकट. नव्या टायरला पॉलिश कशाला लागतं, हा साधा प्रश्न मी स्वतःला दुसऱ्या दिवशी विचारला. फडक्याने पुसल्यावर कडेच्या रबराला कोरड्या पडलेल्या तळ्यासारख्या भेगा. चार टायरवर ०९१४, म्हणजे २०१४ च्या फेब्रुवारीची अखेर किंवा आसपास. उरलेल्या दोघांवर आकड्यांच्या जागी ग्राइंडर फिरवलेला.

तरी बसवले. का? कारण ८७,३६० गेले आहेत हे मान्य करायला मन तयार होत नव्हतं. म्हटलं, चालतील एखादं वर्ष.

गाडी सुरू केली तर डावीकडे ओढायला लागली आणि आत चेन कडाकडा वाजायला लागली. या गाडीची पुढची चाकं वळत नाहीत, एका बाजूला रोखून वळवावं लागतं, आणि एका बाजूची तिन्ही चाकं चेनने एकमेकांना बांधलेली असतात. म्हणून टायर नुसते एका मापाचे असून भागत नाही, त्यांचा घेर सारखा लागतो. गाडी जॅकवर उचलून टेप गुंडाळला. चार टायर १९८ सेंटिमीटर, डावीकडचे दोन १९१. तेच ते ग्राइंडरवाले. झिजलेले टायर घेऊन गरम सुरीने नक्षी पुन्हा खोल कापलेली, एका खाचेत तर आतला दोरा दिसत होता. सात सेंटिमीटरचा फरक म्हणजे किलोमीटरमागे अठरा-एक फेऱ्या. लहान चाक जास्त फिरायला बघतं, चेन फिरू देत नाही, आणि ते भांडण बेअरिंग सोसतं. दोनच टायर बदलून काटकसर करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बसवायच्या आधी टेप लावा, नंतर नको.

पाण्यात उतरलो तेव्हा मागच्या डाव्या चाकापाशी बुडबुड्यांची माळ. कमी हवेत टायरची कड सतत दुमडते आणि प्रत्येक भेग तोंड उघडते. टायरमधली हवा गाडीला तरंगायलाही मदत करते, त्यामुळे मागचा कोपरा हळूहळू खाली जाताना दिसत होता. बॉडी शाबूत म्हणून काठाला लागलो. आणि तुमचा नेहमीचा हवेचा गेज इथे कामाचा नाही, तीन पीएसआयला त्याचा काटा जागचा हलत नाही. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या.

धाकटा भाऊ एवढंच म्हणाला, "दादा, तू तर सगळ्यांना शिकवतोस ना?" त्याला काय उत्तर देणार?

मग सुरू झाली वरात. विक्रेत्याचा फोन बंद. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तर पैसे जाऊन नऊ दिवस झालेले. "लगेच करायला हवा होता." अहो, पण माल आठव्या दिवशी आला! पैसे गेल्या क्षणी फसलोय हे कळायला मी ज्योतिषी आहे का? बँकेत म्हणाले, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. पोलीस ठाण्यात अर्धा तास गाडी म्हणजे काय हेच समजावण्यात गेला. "पाण्यात चालते? मग बोट म्हणा की." हशा. नंतर प्रश्न, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब झाली." मी म्हटलं साहेब, आकडे ग्राइंडरने घासलेत, जुनं रबर नवं म्हणून विकलंय, भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे त्याचं काय? साहेबांनी वर पाहिलं. "वकील आहात का?" नाही. "मग अर्ज लिहा." अर्ज घेतला, गुन्हा नोंदवला नाही. पोच मागितली तर शिक्का मारणारा जेवायला गेलेला. दोनदा गेलो, दोन्ही वेळा जेवायलाच गेलेला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून घेतात, तेवढं बरं, पण पुढे विक्रेत्याचा पत्ता द्यावा लागतो. मी दिलेल्या पत्त्यावरची नोटीस 'या नावाचे कोणी नाही' शेरा मारून परत आली. ग्राहक आयोगात गेलो तर पहिला सवाल, गाडी धंद्यासाठी वापरता का? धंद्यासाठी माल घेणाऱ्याला ते ग्राहक मानत नाहीत, पोटापाण्याचा स्वतःचा रोजगार असेल तरच सूट. म्हणजे मी फसलो की नाही याआधी मी ग्राहक आहे की नाही हे सिद्ध करा!

तेव्हा डॉकेट, चॅट, कॉलचे स्क्रीनशॉट पहिल्या दिवसापासून ठेवा. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, टेम्पोवाला ओरडला तरी. सहाच्या सहा टायरचे आकडे दिसतील असा फोटो आल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि विकणारा "पोरगं नाही" म्हणाला तर फोन ठेवा.

सहाही टायर रिमवरून उतरवून मागच्या पडवीत ठेवलेत, पुरावा म्हणून. "पंचनाम्याला येतो, हात लावू नका," असं हवालदार म्हणाले त्याला सात आठवडे झाले. पत्र्यातून गळतं, टायरमध्ये पाणी साचून डास होतात, म्हणून दर रविवारी मी ते एकेक करून उलटे करतो. एका टायरला अर्धा मिनिटही लागत नाही.