फेब्युक्सोस्टॅट सात महिने घेतल्यावर

गाऊट (युरिक अ‍ॅसिड साचून होणारं सांध्यांचं दुखणं) झालेल्याला वेगळं सांगायला नको. रात्री दोन वाजता पायाच्या अंगठ्याला नुसती चादर लागली तरी जीव कासावीस होतो. माझं युरिक अ‍ॅसिड ९.४ होतं. ते उतरवणारी फेब्युक्सोस्टॅट ४० मिलिग्रॅम सुरू केली आणि दोन महिन्यांत ते ५.६ वर आलं. ६ च्या खाली हवं असतं, म्हणजे गोळीने काम चोख केलं. सुरुवातीला एक अटॅक येऊन गेला (अंगठ्याचा!), पण युरिक अ‍ॅसिड झपाट्याने उतरताना असं होतं, म्हणून जोडीला कोल्चिसिन (अटॅक आवरणारी गोळी) होतीच.

सातव्या महिन्यात बीपीसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. गोळ्यांची यादी वाचता वाचता ते थांबले. "स्टेंट कधी टाकला?" चार वर्षं झाली, म्हटलं. अंगठा दाखवायला जाताना अँजिओप्लास्टीची फाईल मी घरीच ठेवली होती. पायाच्या दुखण्यात हृदयाचं काय काम! तिथे कुणी विचारलंही नाही.

त्यांनी समजावलं ते असं. हृदयविकार असलेल्या गाऊटच्या सहा हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात हृदयामुळे मृत्यू फेब्युक्सोस्टॅट घेणाऱ्यांत ४.३ टक्के, तर अ‍ॅलोप्युरिनॉल (युरिक अ‍ॅसिड उतरवणारीच दुसरी गोळी) घेणाऱ्यांत ३.२ टक्के निघाले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) फेब्युक्सोस्टॅटवर सर्वात कडक इशारा छापायला लावला आणि अ‍ॅलोप्युरिनॉल चालत नसेल तरच ती द्या, असं सांगितलं. २०२० च्या युरोपातल्या अभ्यासात मात्र असा धोका दिसला नाही. म्हणजे गोळी विषारी वगैरे नाही. पण मी अ‍ॅलोप्युरिनॉल कधी घेऊनच पाहिली नव्हती, मग थेट हीच का?

आता अ‍ॅलोप्युरिनॉलवर आहे. तीही साधी नाही. क्वचित अंगावरची कातडी सोलून निघेल इतकी भयंकर रिअ‍ॅक्शन येते. एचएलए-बी ५८:०१ हा जनुकप्रकार असणाऱ्यांना ती भीती जास्त, किडनी कमजोर असेल तरीही. म्हणून १०० मिलिग्रॅमपासून हळूहळू चढवायची, आणि पुरळ दिसलं की गोळी बंद करून डॉक्टर गाठायचा. तिसऱ्या आठवड्यात मनगटावर लाल ठिपका दिसला आणि माझी पाचावर धारण बसली. डास चावला होता.

फेब्युक्सोस्टॅटची अर्धी पट्टी उरली होती, ती एका मित्राने मागितली. त्याला किडनी ट्रान्सप्लांटनंतर, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून, अझाथायोप्रिन चालू आहे. फेब्युक्सोस्टॅट काय, अ‍ॅलोप्युरिनॉल काय, दोन्ही ते औषध शरीरात साचवतात आणि रक्तपेशी धोकादायक घसरू शकतात. दिली नाही. अजून फुगून बसलाय.