जतन केलेले आर्थिक अहवाल: फोल्डर बरा की झोटेरो?

वार्षिक अहवाल, तिमाही निकाल, विश्लेषकांची टिपणं, स्वतः केलेले हिशेब हे जमवायला कुणाला शिकवावं लागत नाही. पंचाईत होते ती पुढे, कुणीतरी ‘हा आकडा कुठून घेतलास?’ असं विचारतं तेव्हा. फाइल सापडते, पण आकड्याचं मूळ सापडत नाही. म्हणून इथे तुलना साठवण्याची नाही, जतन केलेलं मुळासकट परत काढण्याची आहे. दोन्ही पद्धती मी वापरल्या आहेत. एक, नीट नावं दिलेल्या फाइलींचे फोल्डर आणि सोबत एक्सेलमधली नोंदवही. दुसरी, झोटेरो, म्हणजे संशोधकांना संदर्भ सांभाळता यावेत म्हणून बनलेलं मोफत सॉफ्टवेअर.

आधी फोल्डरची बाजू, कारण ती उगाचच कमी लेखली जाते. फाइलच्या नावाची सुरुवात २०२४-०५-१४ अशी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने केली की यादी आपोआप काळानुसार लागते. पुढे कंपनी, मग अहवालाचा प्रकार. कुठलंही सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तरी फोल्डर उघडतोच, आणि बॅकअप म्हणजे सरळ कॉपी करणं. मोजक्याच कंपन्यांकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसाला याहून जास्त काही लागतं असं मला वाटत नाही.

माझं अडलं ते तारखांवर.

आर्थिक अहवालाला तीन तारखा असतात. आकडे कोणत्या दिवसअखेरचे, अहवाल बाहेर कधी आला, आणि आपण तो कधी उतरवून घेतला. फोल्डरमध्ये दिसणारी तारीख यांतली कुठली, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. विंडोजमध्ये फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी केली की ‘क्रिएटेड’खाली कॉपी केल्याचा दिवस येतो आणि ‘मॉडिफाइड’खाली जुनाच राहतो, म्हणजे फाइल जन्मायच्या आधीच बदललेली! मेलवरून फिरून आलेल्या फाइलचं तर विचारूच नका. गंमत अशी की मूळ कुठलं हे संगणकाला बहुधा ठाऊक असतं. मॅकवर ब्राउझरमधून उतरवलेल्या फाइलचं ‘गेट इन्फो’ उघडलं तर ‘व्हेअर फ्रॉम’खाली वेबपत्ता दिसतो. विंडोजही एनटीएफएस (विंडोजची नेहमीची डिस्क-मांडणी) असलेल्या ड्राइव्हवर अशी नोंद फाइलला चिकटवून ठेवतं. पण पेन ड्राइव्हची मांडणी साधारणपणे वेगळी असते, तिथे फाइल गेली की ही चिठ्ठी वाटेतच गळून पडते.

तारखांचा एवढा बाऊ कशाला, असं वाटेल. कारण त्याच कंपनीचा, त्याच वर्षाचा आकडा दोन अहवालांत वेगळा असू शकतो, आणि दोन्ही बरोबर असू शकतात. १ जानेवारी २०१९ पासून आयएफआरएस १६ हे आंतरराष्ट्रीय लेखामानक लागू झालं आणि भाडेपट्ट्यांची बहुतेक देणी ताळेबंदात आली. दुकानं किंवा विमानं भाड्याने घेणाऱ्या कंपनीची देणी एकदम फुगलेली दिसू लागली. एबिटडाही, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफाही, वाढला, कारण भाड्याचा खर्च आता घसारा आणि व्याज या खात्यांवर जातो. काही कंपन्यांनी नवा नियम मागच्या वर्षालाही लावून दाखवला. त्यांचा २०१८ चा आकडा २०१८ च्या अहवालात एक आणि २०१९ च्या अहवालातल्या तुलनेच्या रकान्यात दुसरा. अशा वेळी नोंदवहीतल्या ‘स्रोत’ रकान्यात ‘वार्षिक अहवाल’ एवढंच असून भागत नाही. कोणत्या वर्षाचा, कोणतं पान, हेही हवं. ते प्रत्येक वेळी हाताने लिहायचं, आणि फाइलचं नाव बदललं की नोंदवहीतली लिंक तुटते ती वेगळीच. शिस्त असेल तर हे सगळं जमतं. पण निकालांच्या हंगामात, एका दिवसात ढीगभर अहवाल येतात तेव्हा, शिस्तच सगळ्यात आधी सुटते, निदान माझी तरी.

झोटेरोत प्रत्येक नोंदीला प्रकाशनाची तारीख, पाहिल्याची तारीख आणि नोंद केल्याची तारीख असे वेगवेगळे रकाने आहेत. पीडीएफ आणि वेबपत्ता त्याच नोंदीला बांधलेले. वेबपान ब्राउझरमधून जतन केलं तर त्याची प्रतही सोबत राहते, म्हणजे मूळ पान उद्या गायब झालं तरी आपल्याकडचं शाबूत. आकड्यांच्या कालावधीसाठी मात्र रकाना नाही. तो मी शीर्षकातच घालतो: ‘३१ डिसेंबर २०१८ अखेर’.

खरं पारडं झुकलं ते पानावर. २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून पीडीएफ झोटेरोतच उघडते. आकड्याची ओळ रंगवायची आणि टिपणात घ्यायची. ओळीबरोबर अहवालाचा संदर्भ आणि पानक्रमांक आपोआप येतो, आणि टिपणातून क्लिक केलं की थेट त्याच पानावर, त्याच ओळीपाशी. टिपणातला आकडा मूळ पानाला धरून राहतो. ‘कुठून घेतलास?’ याचं उत्तर तोंडी द्यावं लागत नाही, दाखवता येतं.

खोड्याही आहेत. शोधासाठी झोटेरो एका पीडीएफची पहिली १०० पानंच वाचतं, आपण मर्यादा वाढवली नाही तर. आणि वार्षिक अहवालात खरी मेख असते ती हिशेबांखालच्या टिपांत, म्हणजे बहुधा शंभराव्या पानाच्या बरीच पुढे. रंगवलेल्या ओळी डेटाबेसमध्ये राहतात, पीडीएफमध्ये नाही. दुसऱ्याला पाठवायच्या तर फाइल एक्स्पोर्ट करावी लागते. डिस्कवरच्या फोल्डरांना आठ अक्षर-अंकांची निरर्थक नावं असतात, त्यामुळे बाहेरून हाताने शोधणं विसरा. सिंक्रोनायझेशनसाठी मोफत जागा ३०० एमबी, चित्रांनी भरलेले अहवाल ती पटकन खातात. स्वतःच्या संगणकावर अशी मर्यादा नाही. आणि बाहेरून ओढून टाकलेल्या पीडीएफला वेबपत्ता आपणच द्यायचा असतो.

एक सवय मात्र दोन्ही पद्धतींत लावून घ्यावी. वेबपत्त्यापेक्षा अधिकृत क्रमांक लिहा. अमेरिकी नियामकाच्या एडगर संग्रहात प्रत्येक दाखल कागदाला १८ अंकी क्रमांक मिळतो: पहिले १० अंक दाखल करणाऱ्याचे, मग २ वर्षाचे, शेवटचे ६ क्रमाचे. दुरुस्ती केलेला अहवाल दाखल झाला की त्याला नवा क्रमांक, त्यामुळे मूळ आणि दुरुस्त यांत घोळ होत नाही. कंपनीच्या संकेतस्थळाची फेरमांडणी झाली की लिंका मरतात, हा क्रमांक मरत नाही. असा क्रमांक नसेल तिथे वेबॅक मशीनची, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहाची, लिंक चालते. तिच्यातला १४ अंकी आकडा म्हणजे प्रत कोणत्या वर्षी, दिवशी, अगदी कोणत्या सेकंदाला घेतली त्याची नोंद.

स्वतःच्या एक्सेल मॉडेलसाठी, म्हणजे हिशेब आणि अंदाज मांडलेल्या फाइलसाठी, मात्र मी आजही फोल्डरच वापरतो. ती रोज बदलणारी फाइल, तिच्या आवृत्त्या झोटेरोत ठेवण्यात अर्थ नाही. मॉडेलमधल्या आकड्यांशेजारी झोटेरोतल्या नोंदीचा संदर्भ टाकतो, तेवढं पुरतं. तुमचं काम मुख्यतः मॉडेलचं असेल आणि अहवाल एकदा वाचून बाजूला पडत असतील, तर फोल्डर सोडायची घाई करू नका. पण जुन्या अहवालांकडे पुन्हापुन्हा वळावं लागत असेल, इतरांना आकडा पटवून द्यावा लागत असेल, तर मी झोटेरोकडे बोट दाखवेन.

जुना साठा एकदम हलवू नका. पुढच्या तिमाहीपासूनचे अहवाल झोटेरोत घ्या, जुन्यांतला जो पुन्हा लागेल तेवढाच ओढा. आणि ती १०० पानांची मर्यादा सुरुवातीलाच वाढवा. नंतर वाढवली तर आधीच्या फाइलींचा इंडेक्स (शोधासाठीची सूची) नव्याने बांधत बसावं लागतं.