वर १२८ जीबी, आत साडेसात

निफाडजवळ आमची कांदाचाळ आहे. तिथलं तापमान आणि आर्द्रता टिपायला मी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक लावला होता, दर दहा मिनिटांनी एक नोंद. दोन हंगामांच्या नोंदी ३२ जीबीच्या मेमरी कार्डावर साठल्या. लिहिणं चालू असताना वीज गेली की पायचं कार्ड बिघडू शकतं, आणि आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून बॅकअप घ्यायचं ठरवलं. इतपत शहाणपण होतं.

नाशिकला मोबाइलच्या सामानाच्या एका दुकानात १२८ जीबीचं कार्ड ३५० रुपयांना मिळालं. वेष्टन नावाजलेल्या कंपनीचं. "इतकं स्वस्त कसं?" म्हटल्यावर दुकानदाराने ते लॅपटॉपला लावलं. ११९ जीबी. "बघा साहेब, कंपनी हजाराने मोजते, लॅपटॉप १०२४ ने. तेवढाच फरक." हिशेब चोख होता, तिथेच मी गारद झालो. पण तो आकडा कार्ड स्वतःच सांगत असतं. त्याच्या आतल्या कंट्रोलर चिपमध्ये खोटी क्षमता भरून ठेवली की कुठलाही लॅपटॉप तीच दाखवणार.

घरी 'डीडी' या लिनक्सच्या कॉपी करणाऱ्या कमांडने जुन्या कार्डाची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, लॅपटॉपवर काढली, नव्यावर लिहिली. एकही एरर नाही. डीडी लिहून मोकळा होतो, लिहिलेलं परत वाचून बघत नाही. रास्पबेरी पायचा स्वतःचा इमेजर लिहिल्यावर पडताळणी करतो, पण मला हातानेच करायची हौस. वर लॅपटॉपवर जागा हवी म्हणून इमेज उडवली. हा गाढवपणा माझा, दुकानदाराचा नव्हे.

तीन महिन्यांनी वीज गेली आणि जुनं कार्ड कायमचं गेलं. नवं घातलं. रंगीत चौकोन आला, ओळी पळू लागल्या, जीव भांड्यात पडला. मग एररची रांग लागली, संपेचना. कार्डाचा सुरुवातीचा भाग खरा होता, म्हणून पाय जागा झाला; त्यापुढे लिहिलेलं सगळं हवेत गेलं होतं. अण्णा म्हणाले, "कांदे तरी आहेत ना जागेवर?"

लिनक्सवर 'एफ३' नावाचं फुकट साधन आहे. ते कार्ड भरून परत वाचतं आणि किती टिकलं ते सांगतं. विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू' हेच काम करतं. १२८ जीबीला रात्र जाते, जाऊ द्या. कार्ड परत करायची मुदत संपायच्या आत उरका. घाई असेल तर एफ३मधलंच 'एफ३प्रोब' काही मिनिटांत निकाल देतं. माझ्या कार्डात साडेसात जीबीसुद्धा पुरते नव्हते.

लॅपटॉप घेऊन दुकानात गेलो. त्याने वाद न घालता त्याच डब्यातलं दुसरं कार्ड दिलं. मी काउंटरवरच तपासलं. तेही तसंच. मग १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावायला घेतला तेव्हा गल्ल्यातून ३५० रुपये निघाले. दोन्ही कार्डं त्याने रुमालाने पुसली आणि परत डब्यात टाकली.