आधी प्रार्थना की आधी वचनपाठ? रोजच्या वीस मिनिटांसाठी एक तुलना

देवाशी जवळीक वाढावी असं मनापासून वाटतं, पण दिवसाकाठी जेमतेम वीस मिनिटं हाताशी असतात. ती प्रार्थनेत घालवावीत की बायबलमधली वचनं पाठ करण्यात? नव्यानं विश्वासात आलेली माणसं हा प्रश्न विचारतात, आणि वीस-वीस वर्षं विश्वासात असलेलीही विचारतात, फक्त जरा हळू आवाजात. "दोन्ही करा" हे उत्तर बरोबर असलं तरी त्यानं सकाळी उठल्यावर काय करायचं ते ठरत नाही. म्हणून दोन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहू.

मोकळी प्रार्थना

प्रार्थनेला कसलीच पूर्वतयारी लागत नाही, हे तिचं सगळ्यात मोठं बळ. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात राजा आपल्या प्यालेबरदाराला, नहेम्याला, विचारतो, "तुला काय हवंय?" आणि उत्तर देण्याआधी नहेम्या स्वर्गीय देवाची प्रार्थना करतो. तो राजासमोर उभा, आणि प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जेवढा श्वास मावेल तेवढीच ती प्रार्थना. वाचता न येणारा माणूस, लहान मूल, तापानं फणफणलेला रुग्ण, कुणालाही ती करता येते. येशू स्वतः पहाटे अंधारात उठून एकांतात गेला (मार्क 1:35), आणि बारा शिष्य निवडण्याआधीची अख्खी रात्र त्यानं प्रार्थनेत काढली (लूक 6:12). ज्याला शास्त्र मुखोद्गत होतं त्यालाही पित्याशी बोलायला वेगळा वेळ काढावासा वाटला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

अडचण दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. डोळे मिटले की मन भरकटतं. शिवाय आपले शब्द आपल्या काळज्यांएवढेच असतात. माझी प्रार्थना कित्येक वर्षं त्याच पाच विनंत्यांभोवती फिरत होती, त्याही त्याच क्रमानं. कुणी ती लिहून काढली असती तर अर्ध्या पानात आटोपली असती. त्या विनंत्या खोट्या नव्हत्या, पण त्यात स्तुती जवळजवळ नव्हती, पापांची कबुली वरवरची होती, आणि देव कसा आहे याबद्दल मला नवं काही कळत नव्हतं.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात हजारो अनाथ मुलांना सांभाळणारा जॉर्ज म्युलर (1805–1898) हा प्रार्थनेचा माणूस म्हणून ओळखला जातो. त्यानं स्वतः लिहून ठेवलंय की निदान दहा वर्षं तो सकाळी उठून कपडे केले की थेट प्रार्थनेला बसत असे, आणि पुष्कळदा पहिली दहा-पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास, मन थाऱ्यावर येण्यातच जाई. 1841 मध्ये त्यानं क्रम उलटा केला. आधी शास्त्राचा थोडा भाग वाचायचा, त्यावर मनन करायचं, आणि त्यातून जे उमटेल तीच प्रार्थना. मग मन भरकटण्याचा तो त्रास क्वचितच उरला. म्युलरसारख्याला दहा वर्षं ही अडचण होती हे वाचून मला तरी धीर आला.

वचनपाठ

आता दुसरी वाट. रानात चाळीस दिवस उपाशी असताना येशूची परीक्षा झाली तेव्हा त्यानं तिन्ही वेळा शास्त्रवचनानंच उत्तर दिलं, आणि ती तिन्ही वचनं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत. जवळ शास्त्राची गुंडाळी नव्हती. जे आत साठलेलं होतं तेच कामी आलं. 119व्या स्तोत्राचा कर्ता म्हणतो की पाप घडू नये म्हणून मी तुझं वचन मनात जपून ठेवलंय. त्या स्तोत्राची घडणही पाठांतराला सोयीची आहे: हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांवर प्रत्येकी आठ, अशी 176 वचनं. पुढची ओळ कुठल्या अक्षरानं सुरू होणार हे म्हणणाऱ्याला आधीच ठाऊक असतं.

पहिल्या स्तोत्रात आणि यहोशवाच्या पहिल्या अध्यायात रात्रंदिवस मनन करायला सांगितलंय. तिथला हिब्रू शब्द 'हागा' आहे. त्यात ओठ हलतात, हलका आवाज निघतो. यशयाच्या पुस्तकात हाच शब्द सावजावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी येतो (31:4) आणि कण्हणाऱ्या पारव्यासाठीही (38:14). म्हणजे हे मनन ओठांवर येणारं आहे. आपल्याकडे घोकणं आणि घोळवणं असे दोन शब्द आहेत, आणि 'हागा' दुसऱ्याच्या जवळचा आहे. घोकताना ओळ कधी एकदा पाठ होते असं होतं. घोळवताना तिच्या एकेका शब्दापाशी थांबता येतं.

या वाटेवरचा धोकाही त्याच परीक्षेच्या प्रसंगात आहे. सैतानसुद्धा वचन म्हणून दाखवतो, तेही 91व्या स्तोत्रातलं. शब्द तोंडपाठ असणं आणि देवाच्या जवळ असणं एकच असतं तर तो प्रसंग तसा घडलाच नसता. योहानाच्या पाचव्या अध्यायात येशू शास्त्र बारकाईनं शोधणाऱ्यांना सांगतो की ते शास्त्र माझ्याविषयी साक्ष देतं, तरी तुम्ही माझ्याकडे यायला तयार नाही.

हे मी अनुभवलंय. एका वर्षात मी साठेक वचनं पाठ केली होती. छोट्या कार्डांवर लिहिलेली, पर्समध्ये रबर लावून ठेवलेली. कुणी संदर्भ सांगावा आणि मी धडाधड म्हणून दाखवावं. त्याच सुमारास एका मैत्रिणीनं सहज विचारलं, "सध्या देवाकडे काय मागतेयस?" मला उत्तरच सुचेना. कितीतरी दिवस मी त्याच्याशी बोललेच नव्हते. त्याच्याबद्दलची वाक्यं मात्र रोज म्हणत होते.

सुटं वचन की सलग उतारा?

वचनपाठ करायचं ठरवलंत तर लगेच हा दुसरा निर्णय समोर येतो, आणि माझ्या मते तो पहिल्याइतकाच मोठा आहे.

सुटं वचन लवकर पाठ होतं, पटकन आठवतं, अडचणीत हाताशी येतं. आठवड्याला एक धरलं तरी वर्षात बावन्न होतात. पण वचनांचे क्रमांक मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली. नव्या करारातले वचनांचे क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकानं 1551 च्या आवृत्तीत घातले. क्रमांक शोधायला उत्तम, पण तेच वाक्याच्या मधूनही कुंपण घालतात.

यिर्मया 29:11 घ्या. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, आशा देणारे आहेत, हे वचन बहुतेकांना पाठ असतं. त्याच्या आधीचं दहावं वचन किती जणांना येतं? त्यात बाबेलच्या बंदिवासाची सत्तर वर्षं पुरी होण्याची गोष्ट आहे. ज्या बंदिवानांना यिर्मयाचं हे पत्र आलं त्यांच्यातल्या अनेकांना ते परतणं डोळ्यांनी दिसणार नव्हतं. आणि बाराव्या वचनात लगेच येतं: तुम्ही मला हाक माराल, प्रार्थना कराल आणि मी ऐकेन. दहा, अकरा, बारा एकत्र पाठ केली की आशेला धीराचं वजन येतं आणि ती आपोआप प्रार्थनेकडे जाते. दानीएलाच्या नवव्या अध्यायात नेमकं हेच घडतं. तो यिर्मयाच्या ग्रंथातला सत्तर वर्षांचा हिशेब समजून घेतो आणि लगेच उपास करून, गोणपाट नेसून प्रार्थनेला लागतो.

तसंच फिलिप्पैकरांस 4:13. सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर सगळं करू शकतो, हे वाक्य यशाच्या तोंडावर वापरलं जातं. त्याच्या आधीच्या दोन वचनांत पौल विपुलतेत आणि उपासमारीतही समाधानी राहायला शिकल्याचं सांगतो. तो हे कैदेतून लिहीत होता.

म्हणून माझा कल सलग उताऱ्याकडे आहे. अख्खं फिलिप्पैकरांस पत्र 104 वचनांचं आहे, म्हणजे आठवड्याला दोन वचनं घेतली तर बरोबर एका वर्षात पत्र पाठ. एवढा दम नसेल तर सहा वचनांचं एखादं स्तोत्र घ्या. ज्यांना एखाद्या ठरावीक मोहाशी रोजची झुंज आहे त्यांनी मात्र आधी दोन-तीन सुटी वचनंच घ्यावीत. तिथे वेळेवर हाताशी येणं महत्त्वाचं.

पाठ असलेली प्रार्थना कुठे बसते?

काहींना पाठ केलेली प्रार्थना म्हणजे निव्वळ यांत्रिक बडबड वाटते आणि ते मत्तय 6:7 दाखवतात. तिथे येशू निरर्थक बडबडीला मना करतो हे खरं, पण दोनच वचनांनंतर तो शिष्यांना प्रभूची प्रार्थना शिकवतो. आणि गेथशेमाने बागेत तो स्वतः तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना करतो (मत्तय 26:44). शब्द तेच असणं हा दोष धरता येत नाही.

दोन्ही वाटा मिळतात ती जागा

23वं स्तोत्र सावकाश म्हणून बघा. पहिल्या तीन वचनांत परमेश्वर 'तो' आहे: तो मेंढपाळ आहे, तो हिरव्या कुरणात नेतो, तो जिवाला ताजेपणा देतो. चौथ्या वचनात मृत्युछायेची दरी येते, आणि दावीद एकदम म्हणतो, "तू माझ्याबरोबर आहेस." देवाबद्दलचं बोलणं तिथे देवाशी बोलणं होतं. मराठीत आपण थोरामोठ्यांना अहो-जाहो करतो, पण देवाला 'तू'च म्हणतो, त्यामुळे हे वळण आपल्या कानाला फार थेट लागतं. माझ्या त्या साठ कार्डांत 'तो' भरपूर होता. 'तू' म्हणायचं राहून गेलं होतं.

शास्त्रात हे पुन्हा पुन्हा दिसतं. माशाच्या पोटातून योना जी प्रार्थना करतो तिच्यात स्तोत्रांचे शब्द ओळीओळीत ओळखू येतात. मरीयेच्या गीतात (लूक 1) जुन्या करारातल्या हन्नेच्या प्रार्थनेचे पडसाद आहेत. धमक्या मिळाल्यावर यरुशलेमेतली मंडळी दुसरं स्तोत्र म्हणत प्रार्थना करते (प्रेषितांची कृत्ये 4). आणि वधस्तंभावर, जिथे नवे शब्द जुळवायला श्वासही पुरत नव्हता, तिथे येशूच्या तोंडी 22व्या स्तोत्राची पहिली ओळ आली, आणि प्राण सोडताना 31व्या स्तोत्रातली. दुसरीत त्यानं 'हे बापा' हा एक शब्द आपला घातला. पाठ असलेल्या ओळीत स्वतःची हाक मिसळणं म्हणजे काय, ते त्या एका शब्दात दिसतं.

मग तुम्ही कुठून सुरुवात करावी?

दुःखात असाल, रागात असाल, देवावरच रुसला असाल तर आज पाठांतराच्या मागे लागू नका. आहे तसं बोला. शब्द फुटत नसतील तर रोमकरांस 8:26 प्रमाणे आत्मा अनिर्वाच्य कण्हण्यानं मध्यस्थी करतो, तेवढं पुरे. फार तर एखादं विलापाचं स्तोत्र, उदाहरणार्थ तेरावं, मोठ्यानं वाचा. "किती काळ?" हा प्रश्न विचारायची परवानगी त्यातून मिळते.

प्रार्थना चालू आहे पण तेच तेच होतंय, किंवा मन पाच मिनिटंही टिकत नाही, तर वचनपाठ आधी. म्युलरचा क्रम तुमच्यासाठी आहे.

बायबलचं ज्ञान भरपूर, शिकवताही येतं, पण एकांतात बसायला नको वाटतं, अशांना मी उलट सांगेन. महिनाभर एकही नवं वचन पाठ करू नका. जे येतंय त्यातलं रोज एक घ्या आणि ते 'तू' घालून देवाला म्हणा. हे ऐकायला सोपं वाटतं, पण पहिले काही दिवस फार अवघडल्यासारखं होतं. तरी सोडू नका.

यापैकी कशातच बसत नसाल, अगदी कोऱ्या पाटीनं सुरुवात असेल, तर 23वं स्तोत्र घ्या. सहा वचनं, सहा दिवस. एकच भाषांतर ठरवा आणि ते बदलू नका, कारण शब्द बदलले की पाठ केलेलं डळमळतं. रोज आठ मिनिटं पाठांतर, बारा मिनिटं प्रार्थना. पाठ करताना डोळ्यांनी पुन्हा पुन्हा वाचू नका. पुस्तक मिटून आठवायचा प्रयत्न करा, अडलं तरच उघडा. विसरणं पहिल्या काही तासांतच सगळ्यात वेगानं होतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउसनं 1885 मध्येच प्रयोगांतून मांडलं होतं. म्हणून सकाळचं वचन त्याच रात्री एकदा, दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं आणि महिन्यानं म्हणा. संदर्भ आधी आणि नंतर, दोन्ही वेळा उच्चारा. आवाज काढून म्हणा.

प्रार्थनेच्या बारा मिनिटांत त्या दिवसाच्या वचनाबाहेर फार जाऊ नका. पहिल्या दिवशी कशाचं उणं वाटतंय ते नाव घेऊन सांगा. दुसऱ्या दिवशी कुठे विसावा हवाय ते. तिसऱ्या दिवशी कुठली वाट चुकतेय ते कबूल करा. चौथ्या दिवशी बारा मिनिटं फक्त "तू माझ्याबरोबर आहेस" एवढंच म्हणत बसलात तरी चालेल.