आधी 'कॅसलव्हेनिया' बघू की 'डेव्हिल मे क्राय'?

जुन्या व्हिडिओ गेमवरची ॲनिमेटेड मालिका निवडताना बरेच जण एक हिशेब करतात: गेमची गोष्ट जेवढी भरगच्च, तेवढी मालिका चांगली. मला नेमकं उलटं वाटतं. गेमनं जेवढं कमी सांगितलेलं असतं, तेवढे लेखकाचे हात मोकळे.

'कॅसलव्हेनिया'चा पाया आहे कोनामीच्या गेमचा तिसरा भाग, १९८९ चा. त्यात गोष्ट अशी फारशी नाहीच. ड्रॅक्युला माजलाय, बेलमाँट घराण्यातला ट्रेव्हर चाबूक घेऊन निघालाय, वाटेत साथीदार मिळतात. संपलं. ड्रॅक्युला माणसांवर इतका का खवळला, याचं कारण मालिकेनं १९९७ च्या 'सिंफनी ऑफ द नाइट'मधून उचललं: त्याची माणूस असलेली बायको लिसा. ती रोग्यांना औषधं देते, धर्मपीठ तिला चेटकीण ठरवून जाळतं, आणि नवरा अख्ख्या वॉलेकियाला (आजच्या रोमानियातला प्रदेश) एका वर्षाची मुदत देतो. पहिल्याच एपिसोडमध्ये आपण खलनायकाच्या बाजूला जाऊन बसतो. ट्रेव्हर भेटतो तो दारूच्या गुत्त्यात, मार खाताना. गेममधला एक साथीदार ग्रँट मालिकेत नाहीच, आणि खरं सांगायचं तर त्याची आठवणही येत नाही.

२०१७ चा पहिला सीझन फक्त चार एपिसोडचा. सुरू होतो न होतो तोच संपतो, म्हणून दुसरा त्याला जोडूनच बघा. दुसऱ्यात ड्रॅक्युलाच्या दरबारातलं राजकारण आहे. म्हातारा, थकलेला, जगण्यातच रस उरला नाही असा राजा आणि त्याच्या भोवती एकमेकांचे पाय ओढणारे सरदार. माझ्या मते गेमवरच्या मालिकांमध्ये याहून चांगलं लेखन विरळाच. तिसरा सीझन मात्र रेंगाळतो. चौथ्यात सगळे धागे जुळतात. एकूण ३२ एपिसोड, म्हणजे दोन-तीन सुट्ट्यांचं काम. रक्तपात भरपूर आहे. मुलं झोपल्यावरच लावा.

'डेव्हिल मे क्राय'ची अडचण वेगळी. कॅपकॉमचा २००१ चा गेम गोष्टीसाठी कुणी खेळलं नाही, खेळलं ते ऐटीसाठी. पांढरे केस, लाल कोट, तलवार आणि दोन पिस्तुलं घेतलेला दान्ते. शत्रू नुसता मारून भागत नाही, किती झोकात मारला याची गेम श्रेणी देतो. ही ऐट पडद्यावर कशी आणायची? २०२५ च्या मालिकेनं मारामारी अफलातून केली आहे आणि सोबतीला २००० च्या आसपासचं दणकेबाज रॉक लावलंय. ते संगीत तुमच्या कॉलेजच्या दिवसांतलं असेल तर अर्धी लढाई तिथेच जिंकली.

पण नुसत्या ऐटीवर आठ एपिसोड निघत नाहीत, म्हणून गोष्टीत अमेरिकी सैन्य, निर्वासित राक्षस, युद्धाचं राजकारण असं बरंच काही भरलंय. कल्पना वाईट नाही, पण दान्ते स्वतःच्याच मालिकेत मधूनमधून पाहुण्यासारखा वावरतो. सहावा एपिसोड जवळजवळ संवादांशिवाय आहे, चित्रशैलीही बदलते. तो एकटा सगळ्या सीझनला भारी. शेवट मात्र अर्धवट सोडलाय, पुढच्या सीझनची सोय म्हणून.

गंमत म्हणजे आदी शंकर हे दोन्ही मालिकांच्या निर्मात्यांत आहेत. तेव्हा फरक माणसांचा कमी, कच्च्या मालाचा जास्त.

शांतपणे मुरणारी गोष्ट आवडत असेल तर 'कॅसलव्हेनिया'. एका संध्याकाळी डोकं बाजूला ठेवून धुमाकूळ बघायचा असेल तर 'डेव्हिल मे क्राय'. दोन्ही बघणार असाल तर आधी दुसरी घ्या. 'कॅसलव्हेनिया'नंतर ती पोरकट वाटण्याची भीती आहे.

'टूम रेडर'वरच्या २०२४ च्या मालिकेची शिफारस मी फक्त त्या गेमची नायिका लारा क्रॉफ्ट हिच्या जुन्या भक्तांनाच करेन. २०१३ पासूनच्या तीन गेमनंतर काय झालं हे सांगण्याचं ओझं तिच्यावर आहे, आणि नवख्याला सारखं वाटत राहतं की आपण उशिरा येऊन बसलोय.

मुलांबरोबर बघायचं असेल तर यातलं काहीच नको. त्यापेक्षा सॉनिक या निळ्या साळूच्या गेमवरच्या मालिका बघा. १९९३ मध्ये एकाच महिन्यात अशा दोन मालिका सुरू झाल्या होत्या, दोन्हींत सॉनिकचा आवाज जलील व्हाइटचा. एक निव्वळ धिंगाणा, ६५ एपिसोड. दुसरी शनिवारी सकाळी लागायची, तिच्यात खलनायक रोबॉटनिकनं शहर काबीज केलंय आणि तो प्राण्यांना यंत्रं बनवतोय. २६ एपिसोडची ही दुसरी कितीतरी सरस, फक्त शेवटच्या एपिसोडमध्ये एक नवं संकट डोळे वटारून उभं राहतं आणि मालिका तिथेच बंद पडली. हे मुलांना आधीच सांगून ठेवा.