घरी घेतलेली नर्सिंग सेवा, कॅन्सरचा शेवटचा टप्पा : आमचा अनुभव

सासूबाईंचा स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरला, केमो थांबली. त्यांना घरीच राहायचं होतं. पुण्यात आम्ही दोन्ही प्रकारच्या सेवा घेतल्या : नर्सिंग ब्यूरोच्या चोवीस तासांच्या मावशी आणि पॅलिएटिव्ह केअर (आजार बरा होणार नसला तरी दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा) टीमच्या आठवड्यातून येणाऱ्या सिस्टर. माझं मत स्पष्ट आहे. माणूस किती तास घरात आहे यापेक्षा त्याला दुखणं कळतं का आणि रात्री फोन कोण उचलतं, ते बघा.

मावशी कष्टाळू होत्या. स्पंजिंग, डायपर, कूस बदलणं, सगळं नीट. पण माणसं सारखी बदलायची आणि नवीन बाईला कुणी काही सांगितलेलं नसायचं. एकीने 'सवय लागेल' म्हणून मॉर्फिनची, म्हणजे तीव्र वेदनांवरच्या अफूजन्य औषधाची, रात्रीची गोळीच दिली नाही. पहाटे आई कण्हत होत्या आणि ब्यूरोचा फोन लागत नव्हता. हे मी अजून विसरलेले नाही.

सिस्टरने पहिल्याच दिवशी पलंगाशी बसून विचारलं : शून्य ते दहात किती दुखतं, झोपमोड होते का, पोट साफ झालं का? मॉर्फिन दुखेल तेव्हा नाही, घड्याळ लावून दर ४ तासांनी. मध्येच कळ आली तर जादा डोस. सोबत बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या दिवसापासून. सगळं वहीत लिहून दिलं. छातीवरच्या जखमेला वास यायचा, म्हणून आई नातवाला जवळ येऊ देत नसत. डॉक्टरांशी बोलून सिस्टरने मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकच्या गोळीची पूड ड्रेसिंगमध्ये घालायला शिकवलं. वास बराच कमी झाला आणि नातू पुन्हा उशाशी बसून अभ्यास करू लागला.

२०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा सुधारून अशी औषधं मिळणं सोपं केलं, तरी मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. टीम ते मिळवून देते का, हे आधी विचारा.

उणीव एकच : रात्री टीम घरी येत नाही, फक्त फोनवर असते. पण शेवटी घशात घरघर सुरू झाली तेव्हा सिस्टरने फोनवरच धीर दिला, 'कुशीवर वळवा, सक्शन (नळीने घशातला स्राव ओढणं) नको, त्याचा त्यांना त्रासच होईल.'

घरी मृत्यू झाला की उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला, नमुना ४अ, लागतो. टीमच्या डॉक्टरांनी तो लगेच दिला. ब्यूरोकडे डॉक्टरच नव्हते. सेवा ठरवतानाच हे विचारून ठेवा, त्या दिवशी कुणाला सुचत नाही.